शिबिराच्या सरांना विचारायला भीड कशाची?

ताई, नमस्कार. आम्ही सेलूला राहतो. मिस्टरांचं कृषी सेवा केंद्र आहे, मी एका खासगी शाळेत शिकवते. मुलगा दहा वर्षांचा आहे, जूनमध्ये पाचवीत जाईल. मे महिन्यात म्हैसमाळच्या बाजूला सात दिवसांचं निवासी 'कमांडो व व्यक्तिमत्त्व विकास शिबिर' आहे. फी साडेसहा हजार, त्यातले दोन हजार आधीच भरलेत. शिबिर घेणारे सर म्हणजे मिस्टरांच्या मित्राचे मेव्हणे. वर्गातली तीन मुलं चालली आहेत म्हणून आमचाही हट्ट धरून बसलाय. मी सरांना फोन करून झोपायची सोय, दवाखाना वगैरे विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, टेन्शन घेऊ नका, घरचंच समजा. फक्त सात दिवस फोन करायचा नाही. आईचा आवाज ऐकला की लेकरं रडतात." मिस्टर म्हणतात, मुलगी असती तर गोष्ट वेगळी होती, पोराला काय होतंय? आणि जास्त विचारलं तर मित्राला वाईट वाटेल. सासूबाई म्हणतात, पाठवूच नका, मामाच्या गावाला जाऊ द्या. अजून एक, जे कुणाला सांगता येत नाही. महिन्यातून एक-दोनदा तो झोपेत अंथरूण ओलं करतो. काय करू?
— एक आई, सेलू (जि. परभणी)

ताई, सरांनी घातलेल्या अटीवर मुलाला पाठवू नका. बाकी सगळं चांगलं असलं तरी सात दिवस फोन बंद ही अट मान्य करण्यासारखी नाही. ती त्यांनी सोडली, जागा तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आणि प्रश्नांना सरळ उत्तरं मिळाली, तर खुशाल पाठवा. शिबिरातून लेकरं बरंच शिकून येतात, स्वतःचं ताट स्वतः घासायला लागतात, अंधाराची भीती मोडते. मी शिबिरांच्या विरोधात मुळीच नाही. भरलेले दोन हजार मात्र या हिशेबात धरू नका.

तुमच्या पत्रातल्या 'मित्राला वाईट वाटेल' या वाक्यापाशी मी थांबले. आपल्याकडे ओळखीवर बरंच काही चालतं. खत-बियाणं उधारीवर मिळतं, सोयरीक जुळते, दवाखान्यात नंबर लवकर लागतो. त्याच सवयीनं आपण ओळखीच्या माणसाच्या हाती लेकरू देतो आणि विचारायचं थांबवतो. पण मित्राच्या मेव्हण्याला तुमच्या मिस्टरांनी पाहिलंय ते एखाद्या लग्नात, नाहीतर वास्तुशांतीला. चाळीस-पन्नास मुलं ताब्यात असताना, रात्री, चिडल्यावर तो माणूस कसा वागतो हे मित्रालाही ठाऊक नसणार. तुम्ही विचारलंत ते अगदी बरोबर केलंत. ज्यांना शिबिर मनापासून चांगलं घ्यायचं असतं त्यांच्याकडे या प्रश्नांची उत्तरं तयार असतात, आणि विचारणाऱ्या आईबापांचं त्यांना बरंच वाटतं. तुम्हाला मात्र झोपायच्या सोयीचं उत्तर मिळालं नाही, दवाखान्याचंही नाही. 'घरचंच समजा' एवढंच मिळालं.

आता फोनचं. आईचा आवाज ऐकून लेकरं रडतात हे खरं आहे. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री घरची आठवण येतेच, आणि शिबिरात मुलांच्या हातात मोबाइल नको हेही मला पटतं. त्याला सोपा मार्ग आहे. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी दोन मिनिटं बोलणं करून द्यायचं. आणि मुलानं स्वतःहून 'मला घरी बोलायचंय' म्हटलं, तर वेळ कोणतीही असो, फोन लावून द्यायचा आणि तो बोलत असताना शेजारी उभं राहायचं नाही. शिवाय आईवडिलांना न कळवता केव्हाही येऊन भेटायची मोकळीक हवी. फोन बंद ठेवला की रडणं तुमच्यापर्यंत येत नाही, तशी तक्रारही येत नाही. मार बसला, ताप चढला, कुणी नको तिथं हात लावला, तरी तुम्हाला सातव्या दिवशी कळणार.

'कमांडो' या नावाबद्दलही थोडं बोलते. लष्करी पोशाख, शिट्टी, परेड, हे पाहून आईबाप भारावतात आणि शिस्त म्हणजे सुरक्षितता असं धरून चालतात. ऑगस्ट २०२४ मध्ये तामिळनाडूतल्या कृष्णगिरी जिल्ह्यात एका खासगी शाळेत एनसीसीच्या नावानं निवासी शिबिर भरलं होतं. ते घेणाऱ्याचा एनसीसीशी काहीही संबंध नव्हता आणि शाळेनं ते तपासलंच नव्हतं. तिथं मुलींवर लैंगिक अत्याचार झाले. प्रकरण दाबल्यावरून शाळेतल्या लोकांनाही अटक झाली. तुमचे सर तसेच असतील असं मी म्हणत नाही. पण ते किंवा त्यांचे प्रशिक्षक स्वतःला माजी सैनिक म्हणवत असतील, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं ओळखपत्र त्यांच्याकडे असेल, ते दाखवायला सांगा. आणि न लाजता विचारा, मुलानं ऐकलं नाही तर शिक्षा काय करता? उन्हात पळवणं, पाणी न देणं, जेवण तोडणं, सगळ्यांसमोर कपडे उतरवायला लावणं, यातलं काहीही कानावर आलं, किंवा 'थोडं कडक राहावंच लागतं' म्हणून विषय टाळला, तर तिथंच नाही म्हणा.

मिस्टरांना एक गोष्ट जरूर सांगा. २००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं तेरा राज्यांतल्या बारा हजारांवर मुलांशी बोलून एक अभ्यास केला. लैंगिक छळ झाल्याचं सांगणाऱ्या मुलांमध्ये मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा थोडं जास्तच निघालं, निम्म्याहून अधिक. छळ करणाऱ्यांत निम्मे लोक ओळखीचे किंवा मुलांचा विश्वास असलेले होते. मुलगे बोलत नाहीत, कारण 'पोरगा असून रडतो' हे त्यांनी घरात ऐकलेलं असतं. मुलीच्या बाबतीत आपण जे दहा वेळा विचारलं असतं ते मुलाच्या बाबतीतही विचारायचं. झोपायला मुलांबरोबर कोण असतं? एकटा एकच माणूस असतो की दोघं? अंघोळीच्या वेळी कोण उभं असतं? मुलांना एकेकटं कुणाच्या खोलीत बोलावतात का? 'जरा पाय दाबून दे', 'अंगाला तेल लावून दे' असली कामं मुलांना सांगितली जातात का?

हा शेवटचा प्रश्न मी बाल वारकरी आणि संस्कार शिबिरांबद्दलही विचारते. आपल्या मराठवाड्यात उन्हाळ्यात गावोगावी अशी शिबिरं भरतात. मुलं हरिपाठ, पखवाज, टाळाची पावली शिकतात, गावकरी पंगती उठवतात, खर्च जवळजवळ नसतोच. कितीतरी ठिकाणी हे काम फार प्रेमानं चालतं आणि मला त्याचा आदर आहे. पण महाराजांना प्रश्न कसा विचारायचा, या भक्तीपोटी आईबाप गप्प बसतात. विचारा. खरा वारकरी रागावणार नाही. सेवेच्या नावाखाली रात्री एखाद्या लेकराला एकटं खोलीत बोलावणं हे कुठल्याही परंपरेत बसत नाही.

सरांकडे काम करणाऱ्या सगळ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी झाली आहे का, हेही विचारा. स्वयंपाकी, गाडीचा ड्रायव्हर, सामान उचलणारी पोरं, सगळे यात आले. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागानं शाळांना ही पडताळणी, सीसीटीव्ही आणि तक्रारपेटी यांबद्दल आदेश काढला. शिबिराला शाळेसारखं रोज कुणी तपासायला येत नाही, म्हणून हे तपासणं आईबापांवर येतं. संस्था नोंदणीकृत असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक मिळेल. तो घ्या, पण त्यानं फक्त संस्था कागदावर आहे एवढंच कळतं.

आणि जागा पाहायला जा. फोटोवर जाऊ नका. मागच्या उन्हाळ्यात मी शेतातल्या एका आखाड्यावर भरणाऱ्या शिबिराची जागा पाहायला एका आईबरोबर गेले होते. पत्रकावर हिरवळ, तंबू, हसरी मुलं. प्रत्यक्षात झोपायला पत्र्याचं लांब शेड होतं. दुपारी दोनला आत पाऊल टाकलं तर भाजल्यासारखं झालं, आणि दोनच पंखे. संडास मागच्या बाजूला तीन, त्यातल्या दोनांना आतून कडी नव्हती, सुतळी बांधलेली होती. पाण्याची टाकी उघडी. शेडपासून साठ-सत्तर पावलांवर शेततळं, काठोकाठ भरलेलं, आणि कुंपण एका बाजूनं पडलेलं. मालक कौतुकानं म्हणाला, संध्याकाळी पोरं इथं डुंबतात. शेततळ्याच्या उतारावर जाड प्लास्टिकचा कागद असतो, तो ओला आणि शेवाळलेला झाला की पोहणाऱ्या मोठ्या माणसालाही त्यावरून वर येता येत नाही. 'मागेल त्याला शेततळे' योजना २०१६ मध्ये आली, तेव्हापासून आपल्याकडे गावोगावी शेततळी झाली आणि दर उन्हाळ्यात त्यांत लेकरं बुडाल्याच्या बातम्या येतात. त्या आईनं मुलीला तिथं पाठवलं नाही.

तुम्ही गेल्यावर तेच बघा. दुपारी जा, कारण सकाळी सगळंच छान दिसतं. मुलं जिथं झोपणार तिथं पाच मिनिटं बसा. संडासाची कडी स्वतः लावून बघा, आत दिवा लागतो का बघा. जवळ विहीर, शेततळं, बंधारा आहे का आणि त्याला कुंपण किती, ते चालत जाऊन बघा. पाणी टँकरचं असेल तर टाकी कधी धुतली आणि त्यात टीसीएल (ब्लिचिंग) पावडर कोण टाकतं, हे विचारा. उन्हाळी शिबिरांत कावीळ आणि जुलाब येतात ते बहुतेक पाण्यातून. स्वयंपाकघरात डोकावून या.

उन्हाचं वेगळं सांगायला नको, परभणीत राहता. म्हैसमाळ उंचावर आहे म्हणून संध्याकाळी बरं वाटतं, पण मेच्या दुपारचं ऊन तिथंही ऊनच आहे. वेळापत्रक लेखी मागा. सकाळी अकरा ते दुपारी चार मैदानावर काहीही नको. मुलाला चक्कर आली, अंग तापून कोरडं पडलं, बोलणं असंबद्ध व्हायला लागलं, तर तो उष्माघात आहे. सावलीत न्यायचं, कपडे सैल करायचे, अंगावर पाणी ओतून वारा घालायचा आणि १०८ ला फोन. हे तिथल्या कुणाला येतं का, एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं. मेमध्ये वळवाचा पाऊस विजा घेऊन येतो. ढग दाटले की मुलांना पक्क्या इमारतीत आणायचं, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर सोडायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेचं 'दामिनी' ॲप विजेचा इशारा देतं, ते सरांच्या मोबाइलमध्ये असावं.

रात्री जमिनीवर सतरंजी टाकून झोपवणार असतील तर मला ते मान्य नाही. मण्यार रात्री फिरते आणि झोपलेल्याला चावते. चावल्याचं बरेचदा कळतही नाही, पहाटे पोटात दुखतं आणि पापण्या जड होतात. कॉट हवी, नाहीतर निदान गादीखाली चहूबाजूंनी खोचलेली मच्छरदाणी. सर्पदंशाचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. खुलताबादच्या दवाखान्यात ते आहे का हे शिबिरवाल्यांनी आधी विचारून ठेवलेलं असावं, आणि चोवीस तास एक गाडी ड्रायव्हरसह जागेवर उभी असावी, म्हणजे गरज पडली तर संभाजीनगरला घाटी या मोठ्या सरकारी रुग्णालयात नेता येईल. विंचू चावला तरी मंत्र-उतारा नको, दवाखानाच. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून असंख्य जीव वाचवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे आपल्या जालना जिल्ह्यातले, आणि औषध वेळेत मिळण्यावर सगळं अवलंबून असतं हेच त्यांच्या कामातून दिसलं.

पत्रकावर रॅपलिंग, दोरीवरचा झोका किंवा बोटिंग असेल, तर २०२१ च्या राज्याच्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकाची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते. तिचा कागद मागा. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येक लेकराच्या अंगावर त्याच्या मापाचं लाइफ जॅकेट हवं. जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली, क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरली होती आणि कित्येक मुलांना जॅकेटच नव्हतं. बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. नोंदणी नसेल तर बाकीचं शिबिर करू द्या, पण दोरी आणि पाणी नाही, असं लिहून द्या. मुलांमागे माणसं किती हेही विचारा. नऊ ते चौदा वयाच्या निवासी शिबिरासाठी आठ मुलांमागे एक मोठा माणूस, असं अमेरिकन कॅम्प असोसिएशनचं प्रमाण आहे. आपल्याकडे कित्येकदा माणसं याहून बरीच कमी असतात. कॉलेजची पोरं त्यात धरू नका.

आता जे कुणाला सांगता येत नाही म्हणालात ते. ताई, दहाव्या वर्षी शंभरातल्या पाचेक मुलांच्या बाबतीत हे होतं. यात त्याचा आळस नाही, तुमचं वळण चुकलेलं नाही. चाळीस मुलांच्या शिबिरात असं करणारा तो बहुधा एकटा नसेलच, फक्त कुणी सांगत नाही. पण न सांगता पाठवलं आणि तिथं मुलांनी चिडवलं, तर ते त्याच्या मनात वर्षानुवर्षं राहील. त्याच्याशी आधी बोला, त्याची हरकत नसेल तर सरांना एकांतात सांगा. झोपण्याआधी लघवीला पाठवायचं, रात्री बाराच्या सुमाराला कुणीतरी हळूच उठवायचं, आणि सकाळी गरज पडली तर गुपचूप चादर बदलू द्यायची, एवढंच मागा. पिशवीत दोन जास्तीच्या चादरी, गडद रंगाचे पायजमे आणि एक रबरी शीट द्या. या भीतीनं पाणी मात्र कमी पिऊ देऊ नका, मेच्या उन्हात ते धोक्याचं आहे. दिवसा भरपूर प्यायचं, रात्री जेवणानंतर घोटभर. हे ऐकून सर हसले, किंवा 'दोन दिवसांत सरळ करतो' म्हणाले, तर त्या माणसाकडे लेकरू सात दिवस ठेवायचं नाही. मला विचाराल तर त्या शिबिराची खरी परीक्षा याच एका बोलण्यात होईल.

मुलालाही तयार करा. तुमचा आणि वडिलांचा नंबर त्याला तोंडपाठ हवा. बनियन-चड्डीच्या आतल्या जागेला कुणी हात लावायचा नाही, लावायला सांगायचं नाही, फोटो काढायचा नाही, हे सरळ शब्दांत सांगा. कुणी 'आईला सांगू नको' म्हटलं की ते आईला सांगायचंच, आणि सांगितलं म्हणून घरी कुणीही रागावणार नाही, हे वडिलांच्या तोंडून त्यानं ऐकू द्या. एक साधा शब्दही ठरवून ठेवा. फोनवर त्यानं 'मोत्या जेवला का' विचारलं की तुम्ही काही न बोलता गाडी काढायची. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत नंबर आहे, तोही पाठ करून घ्या. आल्यावर प्रश्नांचा भडिमार करू नका. जेवताना, झोपताना हळूहळू बोलेल. काही वावगं कळलं तर ११२ किंवा १०९८ ला फोन करा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार असा अत्याचार माहीत असणाऱ्यानं कळवणं बंधनकारक आहे, आणि मुलाचं नाव उघड करायला कायद्यानंच मनाई आहे. त्यामुळे गावात बोभाटा होईल या भीतीनं थांबू नका.

सासूबाईंचं म्हणणं टाकाऊ नाही. तुमचा मुलगा याआधी तुमच्याशिवाय कुठं राहिलाय का, ते पत्रात नाही. राहिला नसेल तर एप्रिलमध्येच चार रात्री मामाकडे राहून येऊ द्या. तिथं जमलं तर शिबिरात जमण्याची शक्यता वाढते. नाहीच जमलं तर यंदा सेलूतच सकाळचं एखादं शिबिर, चित्रकला, नाटक, पोहणं, जे मिळेल ते बघा. निवासी शिबिर पुढच्या वर्षीही असणार आहे.

मित्राला वाईट वाटण्याचा प्रश्न असा सोडवा. बाकी तीन मुलांच्या आयांना आजच फोन करा. तुमच्या मनात जे आहे ते त्यांच्याही मनात असेल, फक्त कुणी आधी बोललं नाही. चार घरांनी मिळून एक जीप करून रविवारी म्हैसमाळला जा, मिस्टरांच्या मित्रालाही सोबत घ्या, म्हणजे त्यांनाही मेव्हण्याची सोय डोळ्यांनी दिसेल. सरांना आधी इतकंच सांगा, "सर, आम्ही चौघी जागा बघायला येतोय, आणि रोज संध्याकाळी फोन हवा. हे जमत असेल तर बाकीची फी तिथंच भरतो." नाही म्हणाले तर दोन हजार परत मागा. पावती घेतली नसेल तर आजच व्हॉट्सॲपवर 'ॲडव्हान्स मिळाला' एवढं त्यांच्याकडून लिहून घ्या. आणि शिबिर ठरो वा न ठरो, अंथरुणाच्या त्रासासाठी मुलाला याच महिन्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पोट साफ होत नसलं तरी असं होतं, आणि ते उपचारानं बरं होतं.